द्वाड नाही अन वेडा तर नाहीच: नऊ वर्षांच्या पोराच्या आईला सविस्तर उत्तर

ताई, तुमचं पत्र नीट वाचलं. बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून आधी प्रश्न थोडक्यात सांगते. मुलगा ९ वर्षांचा, चौथीत, दारव्हा तालुक्यातल्या झेडपी शाळेत. एका जागी बसत नाही, वही पेन्सिल कंपास रोज हरवतो, सांगितलेलं अर्ध्यात विसरतो, वाचायला बसवलं की अडकतो अन पुस्तक फेकून देतो. पण बंद पडलेला फवारणी पंप खोलून बसला की तासभर हलत नाही. पोळ्याला, गणपतीत डीजे आला की कान दाबून घरात पळतो अन रडतो. सर म्हणतात डोक्याच्या डॉक्टरला दाखवा, शेजारच्या काकू म्हणतात बाहेरचं आहे, बाबाकडे न्या, सासरे म्हणतात "याचा बाप बी असाच होता, झाला ना मोठा", अन तुमचे मालक काहीच बोलत नाहीत. तुम्ही हात उचलता, मग रात्रभर झोप नाही, अन शेवटी एका ओळीत लिहिलंय की कधी कधी वाटतं सगळं सोडून निघून जावं. मुख्य प्रश्न एवढाच की हा द्वाडपणा आहे का आजार, अन सोबत धाकट्या मुलीचंही विचारलंय.

मी जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसशास्त्रज्ञ म्हणून बरीच वर्षं काम करते, खेड्यातली लेकरं अन त्यांचे मायबाप हेच माझं रोजचं काम, म्हणून जरा लांबच लिहिणार आहे, एका दमात नाही झालं तर दोन दिवस लावून वाचा.

सरळ उत्तर आधी. द्वाडपणा नाही, वेड तर नाहीच नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला दोन-तीन गोष्टी एकत्र दिसतात. लक्ष अन हालचाल आवरण्यातली अडचण, तिला एडीएचडी म्हणतात. त्यासोबत वाचनातली अडचण म्हणजे डिस्लेक्सिया असू शकतो. अन आवाज त्याला आपल्यापेक्षा जास्त टोचतो. या गोष्टी बऱ्याचदा जोडीनंच येतात, एक सापडली की दुसरी शोधायची असते. पत्रावरून निदान करता येत नाही, त्यासाठी लेकरू समोर पाहिजे, शाळेची माहिती पाहिजे, पण घरात जी रोजची मारझोड अन रडारड चाललीये ती थांबवायला निदानाची वाट बघायची गरज नाही, ते उद्यापासून सुरू करता येतं.

न्यूरोडायव्हर्सिटी हा शब्द आता मोबाईलवर सगळीकडे येतो, त्यात म्हणणं एवढंच आहे की माणसांचे मेंदू वेगवेगळ्या तऱ्हेनं चालतात अन त्यातल्या काही तऱ्हा आपल्या शाळेला, घराला सोयीच्या पडत नाहीत. तुमच्या वावरात भारी काळी जमीन असेल अन टेकडीकडं बरड असेल, दोन्हीत कपाशी होते, पण दोन्हीला पाण्याची पाळी एकच ठेवली तर एकीकडं मूळ सडतं अन दुसरीकडं झाड सुकतं, एवढं तर शेतकऱ्याला मी सांगायची गरज नाही. अन ही मुलं काही विरळ नाहीत. एडीएचडी जगभरात साधारण शंभरातल्या पाच मुलांत दिसतो, म्हणजे तुमच्या शाळेत तुमचा एकटा असेल असं अजिबात समजू नका. २०१८ साली छापून आलेला एक मोठा अभ्यास आहे, आपल्याच देशातल्या पाच ठिकाणच्या २ ते ९ वर्षांच्या मुलांचा, त्यात कमी ऐकू येण्यापासून फिट, ऑटिझम (म्हणजे इतरांशी बोलण्या-मिसळण्यातली अडचण), शिकण्यातल्या अडचणीपर्यंत सगळं धरलं तर साधारण आठातल्या एका मुलात काही ना काही सापडलं होतं.

आता मोठ्या डॉक्टरकडे जायच्या आधी काही साध्या गोष्टी तपासा, कारण लक्ष नाही म्हणून आणलेल्या मुलांत भलतंच काही निघतं हे मी पुष्कळदा पाहिलंय. पहिले कान. लहानपणी कान वाहायचा का, सर्दी झाली की हाका ऐकू येत नाहीत का, त्याच्या मागे उभं राहून हळू आवाजात नाव घेऊन बघा. मग डोळे, फळ्यावरचं दिसत नसेल तर कोणतंही लेकरू चुळबुळच करणार. मग रक्त. आपल्या विदर्भात सिकलसेल हा मायबापाकडून येणारा रक्ताचा आजार भरपूर आहे, ज्या लेकराचे हातपाय वरचेवर दुखतात, डोळे पिवळे दिसतात, जे लवकर थकतं, त्याचं शाळेत मन लागत नाही यात नवल काय, ही तपासणी पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, सोबत हिमोग्लोबिन पण बघून घ्या. झोपेत घोरतो का, तोंड उघडं टाकून झोपतो का ते बघा, रात्रीची झोप मोडली की मोठं माणूस सुस्त पडतं पण लेकरू उलट जास्त नाचतं, हे लोकांना माहीत नसतं.

अन एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण ती हमखास सुटते. काही मुलं बोलता बोलता, जेवता जेवता पाच-दहा सेकंद एकदम थांबतात, नजर एका जागी, हाक मारली तरी ओ नाही, हात लावला तरी हलत नाहीत, अन मग काही झालंच नाही असं पुढं सुरू. दिवसातून कितीतरी वेळा होतं. सरांना वाटतं पोरगं तंद्रीत आहे. ती एक प्रकारची फिट असते, खाली पडत नाहीत, तोंडाला फेस येत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. असं दिसलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा अन डॉक्टरला दाखवा, त्याचं औषध पूर्ण वेगळं असतं अन बहुतेक मुलांत चांगलं लागू पडतं.

हे तपासायला लगेच यवतमाळ गाठायची पण गरज नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे, त्याची गाडी वर्षातून एकदा शाळेत अन दोनदा अंगणवाडीत येते. लोक समजतात ते फक्त वजन-उंची घ्यायला येतात. नाही, वाढीतला उशीर अन शिकण्यातली अडचण बघणं हे त्यांच्या कामातच आहे, १८ वर्षांपर्यंत. सरांना सांगून ठेवा की गाडी आली की माझ्या पोराचं नाव आधी घ्या, अन गाडी लवकर येणार नसेल तर आशाताईला विचारा, ती पीएचसीतून पुढची चिठ्ठी करून देईल.

आता त्या पंपाचं. घरोघरी हाच मुद्दा निघतो की पंप खोलायला एवढं लक्ष लागते मग अभ्यासालाच कसं नाही, म्हणजे नाटकं करते पोट्टा. ताई, एडीएचडीमध्ये लक्ष नसतं असं नाही, लक्ष कुठं लावायचं अन कुठून काढायचं याची सूत्रं हातात नसतात. ज्यात हात चालतात, ज्याचा परिणाम लगेच दिसतो, ज्यात नवीन काही निघतं, तिथं ते आपोआप चिकटतं अन मग जेवायला बोलावलं तरी निघत नाही. अन जिथं फळ उशिरा मिळणार, शुद्धलेखनाच्या दहा ओळी उतरवायच्या, तिथं जोर लावूनही टिकत नाही. मेंदूचा पुढचा भाग, जो थांबवतो, आठवण ठेवतो, क्रम लावतो, तो या मुलांत मागाहून तयार होतो अन वेगळा चालतो. त्यामुळं तुम्ही म्हणता "गोठ्यात जा, बादली आण, येताना आजोबाची चप्पल घे, अन दार लाव", तर तो गोठ्यात जातो अन वासराशी खेळत बसतो. त्यानं तुम्हाला ठोकरलं नाही, मागचे तीन निरोप रस्त्यातच सांडले.

फवारणी पंपावरून आणखी एक, हे आत्ताच करा. तो पंप त्याच्या हातात देऊ नका. आतल्या नळीत, वॉशरमध्ये औषधाचा अंश राहतो अन तो कातडीतून अंगात जातो, २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून किती माणसं दगावली ते तुम्हाला माहीतच आहे. त्याला जुनी सायकल द्या, बिघडलेला रेडिओ द्या, टॉर्च द्या, खोलू द्या. ही आवड तोडू नका, उद्या हाच पोरगा गावातल्या मोटारी दुरुस्त करणार आहे अन आज त्याला दिवसभरात स्वतःविषयी चांगलं वाटायची ती एकच जागा आहे.

सासरे म्हणतात ना याचा बाप बी असाच होता, त्या वाक्यात त्यांच्या नकळत खरी गोष्ट आहे. जुळ्या भावंडांवर जे अभ्यास झाले त्यातून दिसतं की एडीएचडीमध्ये आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात असतो. म्हणजे तुमच्या लाडानं झालं नाही, गरोदरपणात ग्रहण बघितलं म्हणून झालं नाही, लस दिली म्हणून पण नाही. लसीमुळं ऑटिझम होतो असा १९९८ साली इंग्लंडमध्ये एक निबंध निघाला होता, तो २०१० मध्ये त्याच मासिकानं मागे घेतला, पण व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरतोय, तर ते डोक्यातून काढून टाका.

अन "झाला ना मोठा" याबद्दल मला जरा थांबून बोलायचंय. झाला मोठा, पण कसा झाला ते कोणी विचारलं का? माझ्यासमोर लेकराला घेऊन बसलेले कितीतरी बाप, मी मुलाबद्दल प्रश्न विचारायला लागले की हळूहळू गप्प होतात अन मग म्हणतात, मॅडम हे तर माझंच सांगता तुम्ही. शाळा सातवी-आठवीत सुटली. मार खाल्ला. कामाला वाघ, पण पीक विम्याची तारीख निघून जाते, पीक कर्जाचं नूतनीकरण ३१ मार्चच्या आत राहून जातं अन व्याजाची सवलत हातची जाते, पासबुक सापडत नाही, अर्धी निंदण टाकून मधातच दुसरं काम काढतात, चौकात कोणाशीही पटकन भांडण होतं. बायको म्हणते बेजबाबदार. मनात ते स्वतः पण तेच म्हणत असतात, लहानपणापासून तेच ऐकलंय ना. त्यातून उदासी येते, चिडचिड येते, काहींना दारू जवळची वाटायला लागते. तुमचे मालक गप्प आहेत ते बेफिकीर म्हणून असतील असं धरून चालू नका. पोराला ओरडा बसतो तेव्हा त्यांना काय आठवत असेल ते एकदा निवांत, वावरात दोघंच असताना विचारा. मोठ्या माणसाचं पण निदान होतं, उपचार होतात, अन बापानं "मले बी असंच व्हायचं रे" एवढं पोराला सांगितलं तरी त्या लेकराला केवढा आधार वाटतो हे मी समोर बसून बघितलंय.

वाचनाचं जरा लवकर सांगते. मराठीत डिस्लेक्सिया असलेली मुलं काना-मात्रा-वेलांटीत अडकतात, ऱ्हस्व-दीर्घ सोडा, "मोर"चं "मार" वाचतात, जोडाक्षर आलं की गाडी थांबते, भ अन म, घ अन ध यात गोंधळ, ओळ सुटते, पहिलं अक्षर बघून बाकी शब्द अंदाजानं ठोकतात. तोंडी विचारलं तर सगळं येतं. तुमच्या मुलाला गोष्ट वाचून दाखवा अन मग प्रश्न विचारा, पटापटा उत्तरं आली तर बुद्धीचा प्रश्न नाही हे तुम्हालाच कळेल. सरांशी भांडू नका, त्यांच्या एका वर्गात दोन-दोन इयत्ता असतात, पण एवढी विनंती करा की सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावू नका, पहिल्या ओळीत बसवा, फळ्यावरचं उतरवायचं कमी करा, तोंडी उत्तर चालवून घ्या. समग्र शिक्षा या शाळांच्या सरकारी योजनेत तालुक्याला गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, त्यांना शाळेत बोलावता येतं, मुख्याध्यापकांना तसं पत्र द्यायला सांगा.

डीजेचं काय? तो भित्रा नाही. काही मेंदूंना आवाज, उजेड, कपड्याची शिवण, गर्दी हे सगळं मोठं होऊन पोचतं, आपल्याला धडधड वाटते तिथं त्याला अक्षरशः दुखतं. त्याला मिरवणुकीत ओढून "सवय होऊ दे" करू नका. तान्ह्या पोळ्याला नेता तर सकाळी गर्दी व्हायच्या आधी त्याचा लाकडी बैल सजवून चार घरं फिरवून आणा अन डीजे लागायच्या आत घरी. कापसाचे बोळे, डोक्याला रुमाल, जे चालतं ते. आता मोठे आवाज सहन होत नाहीत म्हणजे ऑटिझमच असं नाही, पण तपासताना ते आम्ही विचारतोच: दोन-तीन वर्षांचा होता तेव्हा बोलायला उशीर झाला होता का, बोटानं दाखवून "ते बघ" करायचा का, सोबतच्या मुलांत खेळायला जातो का एकटाच चाकं फिरवत बसतो, रस्ता किंवा ताट बदललं तर आकांत करतो का. तुम्ही लिहिलंय की त्याला दोस्त आहेत, गप्पा मारतो, नकला करतो, त्यावरून मला ती शंका कमी वाटते, तरी डॉक्टरांना हे सांगा.

घरात काय करायचं ते सांगते अन इथं माझा जास्त जोर आहे, कारण गोळीपेक्षा आधी हेच. त्याच्याजवळ जा, खांद्यावर हात ठेवा, डोळ्यात बघा अन एकच गोष्ट सांगा. ओट्यावरून ओरडून चार कामं सांगणं बंद. ती झाली की दुसरी. सकाळचा क्रम भिंतीवर चित्रांनी लावा, दात, आंघोळ, नाश्ता, दप्तर, तुम्हाला चित्र येत नसेल तर त्यालाच काढायला लावा. दप्तर रात्रीच भरून दाराजवळ एका ठरलेल्या खुंटीला. शाळेतून आल्या आल्या अभ्यासाला बसवू नका, आधी अर्धा तास पळू द्या, सायकल चालवू द्या, बापासोबत ढोरांना पाणी पाजून येऊ द्या, मग १० मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं उठायला मोकळं, परत १० मिनिटं. उभ्यानं पाढे म्हणत असेल तर म्हणू द्या, बसण्यावर अडून बसू नका. अन रोज १०-१५ मिनिटं फक्त त्याची, त्यात अभ्यास नाही, उपदेश नाही, बहीण नाही, मोबाईल नाही, तो जे खेळेल त्यात तुम्ही सोबत. आया म्हणतात मॅडम सोयाबीनची सोंगणी चालू आहे, वेळ कुठून काढू. मान्य आहे जी, दिवसभर वावरात वाकून आल्यावर पुन्हा चूल, मला दिसतं ते. तर मग भाकरी थापताना त्याला जवळ बसवा, गोळे करायला द्या, ते धरलं जाईल. अन जे बरोबर केलं ते लगेच, नाव घेऊन सांगा: "आज चप्पल जागेवर ठेवली, बरं केलं." या मुलांना दिवसभरात टोमणेच इतके मिळतात की चांगलं ऐकलं की ते आधी तुमच्या तोंडाकडे बघतच राहतात.

माराचं. ताई, तुम्ही स्वतःहून लिहिलंत याचं मला मोल वाटतं. मारानं तो त्या घटकेला थांबतो, भीतीनं, पण पुढच्या वेळी थांबायचं कसं हे त्याच्या मेंदूला मारातून शिकता येत नाही, म्हणून उद्या परत तेच होतं अन तुम्हाला वाटतं अजून जोरात मारायला पाहिजे. हे वाढतच जातं. हात उचलायची वेळ आली की तुम्ही जागा सोडा, अंगणात या, माठातलं पाणी प्या, दोन मिनिटं. तो तिथंच राहील, काही बिघडत नाही. शाळेत कोणी मारत असेल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातलं १७ वं कलम शारीरिक शिक्षा अन मानसिक छळ दोन्ही बंद करतं, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत शांतपणे सांगता येतं.

काकूंच्या बाबाबद्दल. देवाला जा, शेगावला जाऊन या, तुमच्या मनाला थंडावा मिळतो तर मी कोण नको म्हणणारी. पण लेकराला धुरी देणं, छडी मारणं, उपाशी ठेवणं, साखळीनं बांधणं, यातलं काही होत असेल तर तिथून उठून या, २०१३ पासून महाराष्ट्रात त्याविरुद्ध कायदा आहे. अन आधी बाबा मग डॉक्टर या क्रमात दोन-तीन वर्षं जातात अन तोवर पोरगं शाळा सोडतं, माझं दुखणं ते आहे.

डॉक्टरकडे कुठं जायचं तर यवतमाळच्या सरकारी मेडिकलमध्ये मानसोपचार विभाग आहे, सेवाग्रामला अन सावंगी मेघेला आहे, नागपूरला मेडिकल अन एम्स आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पण येते, दिवस आधी आशाताईकडून विचारून घ्या म्हणजे हेलपाटा पडणार नाही. सोबत शाळेच्या वह्या न्या, मुद्दाम नीट लिहिलेल्या नाही, रोजच्या. वर्गशिक्षकांकडून चार ओळी लिहून आणा की वर्गात काय होतं, कारण ही लक्षणं घर अन शाळा अशा दोन तरी ठिकाणी, निदान ६ महिन्यांपासून, अन १२ वर्षांच्या आत सुरू झालेली असली तरच एडीएचडी म्हणतात. रक्ताच्या तपासणीत किंवा सीटी-एमआरआयमध्ये एडीएचडी, ऑटिझम दिसत नाही. फिटची किंवा दुसरी कसली शंका नसताना कोणी हजारो रुपयांचे फोटो काढायला सांगितले तर कशासाठी ते विचारा, विचारायचा हक्क आहे तुम्हाला. बुद्धी वाढवायच्या बाटल्यांवर पैसे घालू नका. अन ऑटिझमसाठी स्टेम सेलच्या नावानं कोणी लाखांची बात केली तर दूर राहा, २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशननं, म्हणजे डॉक्टरांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, तो उपचार करू नये असं सांगितलंय.

गोळीची भीती सगळ्यांनाच असते, की व्यसन लागेल, पोरगं सुस्त पडेल. ९ वर्षांच्या मुलाला, घरातले अन शाळेतले बदल करूनही अडचण मोठी राहिली तर डॉक्टर मिथाइलफेनिडेट नावाचं औषध सुचवू शकतात. जगात खूप वर्षांपासून वापरात आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही, साधी गोळी तासाभरात लागू पडते अन चार-एक तास राहते. भूक कमी होते, म्हणून सकाळी पोटभर खाऊ घालून मग गोळी, अन रात्री असर उतरल्यावर परत जेवण. उशिरा दिली तर झोप जाते. वजन, उंची, नाडी, बीपी दर काही महिन्यांनी बघावं लागतं. डॉक्टरांनी सांगितलं तसं घेतलं तर व्यसन लागत नाही. दुसरं अ‍ॅटोमोक्सेटिन, त्याला असर दाखवायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत फरक नाही म्हणून बंद करू नका. पण गोळी वाचायला शिकवत नाही, तिच्यानं फक्त बसणं जमतं, शिकवायचं काम वेगळं करावंच लागतं. लहान मुलांत, म्हणजे ६ वर्षांखाली, आधी आईबापांना शिकवतात, औषध नंतर.

आता तुमचं. "सगळं सोडून निघून जावं" ही ओळ मी वाचून पुढं गेले नाही. झोप नाही, रडू येतं, जेवण जात नाही, कशात मन लागत नाही असं रोज, दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर ते नुसतं टेन्शन नाही, त्याला उपचार आहे, अन तुमच्या मुलाच्या उपचाराचाच तो भाग आहे. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला होता, गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघरी उदासीबद्दल बोलणं सुरू केलं, अन उदासी असलेल्या माणसांपैकी मदत घेणारे शंभरात चार होते ते दीड वर्षात सत्तावीस झाले. म्हणजे आपल्या खेड्यातले लोक बोलतात, विचारणारं कोणी पाहिजे. १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक मदतीच्या फोनसेवेचा नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात, नाव गाव सांगायची सक्ती नाही, वावरात कापूस वेचताना पण लावता येतो. निघून जाणं म्हणजे जीवच नको असं कधी मनात आलं तर त्याच दिवशी, एकट्यानं रात्र काढायच्या आधी, लावा अन मालकांना किंवा बहिणीला सांगा. लाज वाटून घ्यायचं काहीच नाही त्यात. अन घरातली फवारणीची औषधं आजच कुलपात टाका, किल्ली सासऱ्यांकडे, हे मी प्रत्येक घराला सांगते, तुम्हाला जरा जास्त जोर देऊन सांगते.

कागदाचं: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम अन शिकण्यातली अक्षमता दोन्ही आहे, एडीएचडी वेगळा लिहिलेला नाही. वाचनाची अडचण तपासणीत पक्की झाली तर ८ वर्षं पूर्ण झालेल्या मुलाचं प्रमाणपत्र करता येतं, तुमचा बसतो त्यात. दहावीला तासाला २० मिनिटं जास्त, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण त्यासाठी नववीत धावपळ करू नका, कागद आधीच लावून ठेवा. प्रमाणपत्र केलं तर लग्नाला आडवं येईल असं सासूबाई म्हणतील कदाचित. तो कागद तुमच्या पेटीत राहतो, गावात कोणी लावत नाही.

अन शेवटी तुम्ही धाकटीचं विचारलंय, की ती म्हणते दादाला सगळं माफ अन मलाच कसं रागावता. तिचं खरं आहे. तिला सांगा की दादाला बसायला अन वाचायला तुझ्यापेक्षा जास्त जोर लागतो, म्हणून त्याला कामं तोडून तोडून देतो, पण मारायचं नाही, वस्तू फोडायची नाही हा नियम दोघांना सारखा. अन रोजच्या त्या १०-१५ मिनिटांसारखीच थोडी वेळ तिची पण ठेवा, तिच्या वेण्या घालताना चालेल, त्या वेळात दादाचा विषय काढायचा नाही. तिच्यावर पण एक नजर असू द्या, मुलींमध्ये हेच सगळं उड्या न मारता, खिडकीबाहेर बघत गप्प बसून असतं, त्रास कोणाला होत नाही म्हणून सातवी-आठवीपर्यंत कोणाच्या ध्यानातच येत नाही. दवाखान्यात जाऊन आलात की काय सांगितलं ते कळवा, रिपोर्टवरचं नाव झाकून फोटो पाठवलात तरी चालेल, मी वाचून सांगते.